मलकापूरची तिसरी टेप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, कारण यात तिचंही लग्न आहे. ते कसं, ते पुढं येईलच. मला थोडं फिरून यावं लागेल. एकतीस वर्षं गणित शिकवलंय मी. पायऱ्या न लिहिता उत्तर लिहिलं की मुलांचे गुण कापायचो. आता स्वतःवर वेळ आली तर पायऱ्याच वाढत चालल्या आहेत.

निवृत्त झाल्यावर आमच्या मलकापुरातले लोक देवळाचे विश्वस्त होतात, नाहीतर प्लॉटच्या व्यवहारात पडतात. मी अफवा तपासतो. त्याही एकाच विषयावरच्या. ‘चुंबक’ नावाचा एक बॅन्ड होता. तुम्ही नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमची काही चूक नाही. ढोलकी नाही, पेटी नाही, गाणारा नाही — सगळं विजेच्या यंत्रांवर वाजवायचे. पुण्यात त्यांची एक कॅसेट निघाली, फारशी कुणी घेतली नाही, बॅन्ड मोडला. मग कितीतरी वर्षांनी इंटरनेटवर तरुण पोरांच्या हाती ती कॅसेट लागली आणि एकदम सगळ्यांना साक्षात्कार झाला. या बॅन्डवर जीव टाकणाऱ्या लोकांचा एक गट आहे, मोबाईलवर. त्यात मी ‘सर’ आहे.

गट म्हटला की अफवा आल्याच. कुणी म्हणे, चुंबकची एक धून उंद्रीच्या विहिरीत उतरून रेकॉर्ड केली होती, म्हणून तिला तसा घुमारा आहे. मी एसटीनं उंद्रीला गेलो, दोन दिवस फिरलो, जुन्या माणसांना विचारलं. एका म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाला, “विहिरीत उतरून बाजा वाजवाले कोनाले येड लागलं होतं, गुरुजी?” घुमारा पुण्याच्या स्टुडिओतल्या यंत्राचा निघाला. दुसऱ्या एका धुनेत सातपुड्यातल्या वाघाची गुरगुर आहे असं लोक छातीठोकपणे सांगायचे. ती पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याची निघाली. अशा किती अफवा मी निकालात काढल्या असतील! लोक चिडायचे, पण मानायचे. सर ‘नाही’ म्हणाले की नाही.

सगळ्यात मोठी अफवा मात्र मी तपासायला कुठंच गेलो नाही. ती अशी — पुण्याच्या कॅसेटच्या आधी, बॅन्डला कुणी ओळखत नव्हतं तेव्हा, मलकापुरात तीन टेप भरल्या गेल्या होत्या. आणि पुण्याच्या कॅसेटवरची जी धून सगळ्यांना वेड लावते, ती मुळात त्या टेपांवरची आहे. एका रेडिओ मेकॅनिकची.

कुणीतरी गटावर विचारलं, सर, यात काही तथ्य? मी दोन मिनिटांत उत्तर टाकलं. “निव्वळ अफवा. मी मलकापूरचाच आहे.” यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

रेडिओ मेकॅनिकचं नाव गजाननभाऊ. स्टेशनरोडला पत्र्याचं एक दुकान होतं त्यांचं, मागं जिनिंगची, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याची भिंत. कापसाच्या दिवसांत दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर रुईचा थर बसायचा आणि भाऊ दर तासाला फुंकर मारत बसायचे. लोकांचे रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे आणि उरलेल्या सुट्या भागांतून स्वतःचं यंत्र बनवायचे. लाकडी फळी, तिच्यावर ओळीनं बटणं, खाली ट्रकची बॅटरी. बटण दाबलं की कुठल्याच वाद्यात नसलेला आवाज निघायचा. कॉलेजातला माझा मित्र राजू आणि मी तिथं पडून असायचो. राजू वाजवायचा, भाऊ बनवायचे आणि वाजवायचेही. मी? मी माईक धरायचो, कॅसेट उलटायचो, लेबलं लिहायचो. अक्षर चांगलं होतं माझं. ‘चुंबक’ हे नावही भाऊंचंच, स्पीकरच्या मागच्या चुंबकावरून.

टेपरेकॉर्डर मात्र सेलवर चालवायचे. लाईटवर भरलं की टेपमध्ये घरघर येते, असं भाऊंचं म्हणणं, आणि लाईट तरी कुठं असायची? सेल संपत आले की भाऊ ते दुकानाच्या पत्र्यावर उन्हात तापत ठेवायचे. तापलेले सेल आणखी थोडे चालतात. आमच्याकडं तेव्हा सगळेच तसं करत. ही सेलची गोष्ट लक्षात ठेवा, मला नंतर लागणार आहे.

तीन टेप भरल्या. भाऊंनी प्रत्येकीच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या पट्ट्या पेचकसानं मोडून टाकल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. राजू दोन टेपांनंतरच पुण्याला गेला होता; पुढं तिथं त्यानं याच नावानं बॅन्ड काढला. पावसाळ्यात पत्रा गळायचा, म्हणून भाऊंनी पहिल्या दोन टेप माझ्या हवाली केल्या. तुमच्या घरी लोखंडी कपाट हाये, म्हणाले. तिसरी त्यांच्याकडंच राहिली. ती त्यांनी एकट्यानं वाजवली होती, राजू गेल्यानंतर.

आता लग्न.

माझ्या लग्नात मेहुण्यानं टेपरेकॉर्डर आणला होता. ऐन वेळी म्हणाला, भावजी, दोन कॅसेटी द्या. कपाटात सहा कॅसेटी होत्या. चार सिनेमाच्या गाण्यांच्या, मी दुकानातून निवडून-निवडून भरून घेतलेल्या. दोन भाऊंच्या. मला आठवतं, माझा हात क्षणभरही अडला नाही. भाऊंच्या दोन काढल्या. पट्ट्या मोडलेल्या होत्या तर उरलेल्या लग्नपत्रिकेचा तुकडा फाडला, घडी केली आणि भोकांत कोंबला. झालं, कॅसेट पुन्हा भरायला मोकळी. एकीवर मंगलाष्टकं, दुसरीवर बायकांची हळदीची गाणी आणि उखाणे. मंगलाष्टकांच्या वेळी मांडवातला माईक शिट्ट्या मारायला लागला तेव्हा धावत पुढं गेले ते भाऊच. वायर दाबून धरून उभे राहिले शेवटपर्यंत. टेपरेकॉर्डर त्यांच्यापासून हातभरावर होता.

घाईत झालं, असं म्हणता आलं असतं मला. पण सिनेमाच्या चार तिथंच होत्या ना? त्या मी हलवल्याही नाहीत. माझ्या लेखी भाऊंची टेप म्हणजे एका मेकॅनिकचं कुईकुई. खरं सांगतो, तेव्हा मला एवढंच वाटत होतं.

दोनेक वर्षांनी भाऊंनी दुकान बंद केलं आणि ते संग्रामपूरकडं शेतीवर निघाले. स्टॅन्डवर मी पोचवायला गेलो होतो. गाडीत चढता-चढता त्यांनी विचारलं, “टेपा हायेत ना बे बरोबर?”

“हो भाऊ,” मी म्हणालो.

बरोबर होत्याच. कपाटातच होत्या. लग्नाच्या वाढदिवसाला आमची ही ती मंगलाष्टकांची टेप लावते, अजूनही. मंगलाष्टकं संपतात, वाजंत्री संपते, खटका पडतो आणि मग अकरा सेकंद भाऊंचं यंत्र वाजतं. तेवढंच उरलंय. सुरुवातीला ही विचारायची, हे मधीच काय होऊन राह्यलं? मी म्हणायचो, टेप खराब आहे. आता विचारत नाही. अकरा सेकंद आहेत ते मला माहीत आहे, कारण मी मोजलेत. पुण्याच्या कॅसेटवरच्या त्या लाडक्या धुनेची सुरुवात आहे ती.

तर, अफवा तपासायला गावोगाव हिंडणारा मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण त्या म्हणीतल्या माणसाला बिचाऱ्याला कळसा काखेत आहे हे ठाऊक तरी नसतं.

दोन वर्षांपूर्वी सुनंदा आली. भाऊंची मुलगी. तिला मी परकर-पोलक्यात पाहिलं होतं, आता तिच्याच केसांत पांढरं दिसत होतं. ती आणि तिचा नवरा भाजीपाला करतात, भाऊ त्यांच्याकडंच असायचे. तिच्या पिशवीत स्टीलचा डबा होता, डब्यात कडुलिंबाचा वाळला पाला, ज्वारीत घालतात तसा, आणि पाल्यात एक कॅसेट. घराचं काम काढलं तेव्हा जुन्या पेटीत सापडली, म्हणाली. लेबलावर ‘चुंबक, ३’ असं लिहिलेलं. माझ्या अक्षरात.

त्याआधीच पुण्याची दोन मुलं तिच्यापर्यंत पोचली होती. राजू वारला त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती, त्यामुळं पुण्यात विचारायला कुणी उरलं नव्हतं. ही मुलं चुंबकच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांची मोठी काळी रेकॉर्ड काढणार होती, आणि टेप खरी निघाली तर पहिली बाजू तिचीच, वर भाऊंचं नाव आणि फोटो. फक्त एक अट — मलकापूरच्या सरांनी टेप तपासून लिहून द्यावं.

“बाबा म्हनतात पयल्या दोन तुमच्यापाशी हायेत, काका,” सुनंदा म्हणाली. “त्याहिले एकडाव आपलं नाव छापलेलं पाह्यचं हाये. बाकी काई नाई.”

भाऊंचं वय झालंय, मी म्हणालो. माझ्याकडं तशा टेप कधीच नव्हत्या. त्यांची काहीतरी गल्लत होतेय.

एवढं सहज बोललो मी. चहा घे, म्हणालो. तिनं घेतला. डबा माझ्याकडं ठेवून ती दुपारच्या गाडीनं परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप लावली. खरी आहे हे कळायला किती वेळ लागला असेल? पाचव्या मिनिटाला जिनिंगचा भोंगा वाजतो, मागच्या भिंतीपलीकडचा. सुरुवातीला घोगरा, मध्ये किंचित अडखळतो, मग मोकळा होतो. ती जिनिंग कधीच बंद पडली, भोंगा भंगारात गेला. त्या काळात मलकापुरात राहिलेला कुणीही माणूस तो आवाज झोपेतही ओळखेल आणि बाहेरचा कुणी जन्मभर खटपट करून तसा काढू शकणार नाही. याहून मोठा पुरावा मला आयुष्यात कुठल्याच तपासात मिळाला नव्हता. शिवाय ती धून होती. माझ्या अकरा सेकंदांशी मी ती ताडून पाहिली. तंतोतंत.

टेप पुढं सरकते तसतसे स्वर वर चढत जातात. शेवटी-शेवटी तर सगळं घाईघाईनं, बारीक आवाजात वाजतं. हे सेलमुळं. सेल उतरत गेले की रेकॉर्डर हळू चालतो, आणि हळू भरलेली टेप नीट चालणाऱ्या यंत्रावर लावली की ती जलद वाजते. अगदी शेवटी कुणीतरी बोलतं. ते इतकं चिरकं ऐकू येतं की पोरगं बोलतंय की बाई, तेही कळू नये. सुनंदालाही तो बाबांचा आवाज वाटला नव्हता.

मी कॉम्प्युटरवर तो तुकडा हळू केला. थोडा, आणखी थोडा. आणि भाऊ बोलायला लागले. चाळीशीच्या आतले भाऊ, दमलेले, खुशीत असलेले. “हे तिसरी टेप. गजाननची. पयल्या दोन विनूपाशी हायेत.”

विनू म्हणजे मी.

मी ते पाचसहा वेळा ऐकलं. मग जेवलो. मग लिहायला बसलो.

काय लिहिलं ते सांगतो, कारण ते फार व्यवस्थित लिहिलं होतं. टेपचे स्वर सारखे वर सरकत राहतात, लिहिलं. खऱ्या जुन्या टेपमध्ये दोष असतात पण ते असे एकाच दिशेनं जात नाहीत, जुनेपणा दाखवण्यासाठी अलीकडं कॉम्प्युटरवर केलेली ही करामत दिसते. शेवटचा आवाज गजाननभाऊंचा नाही, तो त्यांच्या मुलीलाही ओळखता आलेला नाही. लेबल कुणीही लिहू शकतं. निष्कर्ष — टेप बनावट. खाली नाव, ‘निवृत्त शिक्षक, मलकापूर’.

उन्हात तापवलेल्या सेलबद्दल एक शब्द नाही. पुण्याच्या मुलांनी आयुष्यात कधी सेल तापवले असतील? त्यांना कसं कळणार? त्यांना जे कळणार नाही नेमकं त्याच्यावरच मी बोट ठेवलं होतं. आणि भोंगा — भोंग्याचा त्या दोन पानांत कुठं उल्लेखच नाही. मी पुष्कळ पेपर तपासलेत. जे लिहिलं त्यापेक्षा जे गाळलं तिथंच पोरं पकडली जातात, पण मला कोण पकडणार होतं? तपासणारा मीच.

लिहून पाठवलं तेव्हा लाज वाटली नाही. हलकं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

मुलांनी आभार मानले. गटावर चार दिवस माझं कौतुक चाललं, सरांनी पुन्हा एकदा थाप पकडली म्हणून. एकानं तर लिहिलं की प्रसिद्धीसाठी लोक कुठल्या थराला जातील सांगता येत नाही. ते भाऊंच्या घरच्यांबद्दल होतं. मी त्याला काही म्हणालो नाही. बहुतेक त्यावर पसंतीचा अंगठाही टाकला असेल, आता तपासायला हिंमत होत नाही.

सुनंदाचा फोन आला. मला वाटलं भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती भांडली नाही. तिनं बाबांना वाचून दाखवलं म्हणाली, दोन्ही पानं. मग काय म्हणाले, मी विचारलं.

“म्हनाले, विनू म्हनते त तसंच अशीन. म्या सपनातच वाजोलं अशीन मंग.”

मी म्हणालो, काळजी घे त्यांची.

तोवर मी समजत होतो की मी एक टेप खोटी ठरवली. तसं नव्हतं. ऐंशीच्या घरातल्या माणसाकडं स्वतःच्या हातांनी केलेली एक गोष्ट शिल्लक होती, ती त्याला नीट आठवत होती आणि ती त्यानं माझ्या शब्दाखातर सोडून दिली. सुनंदा सांगत होती की पूर्वी ते जेवताना पाटावर बोटं वाजवायचे, ती धून. त्यानंतर नाही. मी ताबडतोब संग्रामपूरची गाडी पकडू शकत होतो. मलकापूरहून गाड्या आहेत. टेप तिला ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवून दिली, स्वतः गेलो नाही.

गेल्या वर्षी भाऊ गेले. तेरवीला गेलो. न जाऊन कसं चाललं असतं, लोकांनी विचारलं असतं. पंगतीत सुनंदानं मला आग्रह करून वाढलं. निघताना तिनं तोच डबा आणून माझ्या हातात दिला. मी म्हणालो, हे कशाला?

“बाबाच सांगून गेले,” ती म्हणाली. “विनूले देजो म्हने. खरी असो का खोटी, असल्या वस्तू जपाचं त्यालेच जमते.”

मी डबा घेतला. परतीच्या गाडीत मांडीवर ठेवून बसलो होतो. शेजारच्यानं विचारलं, प्रसाद का? मी हो म्हणालो. हेही खोटंच.

रेकॉर्ड निघाली पुण्याची. देखणी आहे. आत छोटी पुस्तिका आहे, तिच्यात लिहिलंय की मलकापूर टेप ही एक जुनी दंतकथा असून ती तपासाअंती निराधार ठरली. त्याखाली माझे आभार. ती धून राजूच्या नावावर आहे. राजूनं ती कधी भाऊंकडं मागितली होती की नाही, मला माहीत नाही. एक प्रत त्यांनी मला भेट पाठवली. ती मी कपाटात ठेवली आहे.

बस. आता तपासणी पुन्हा लिहितो, पहिल्यांदा लिहायला हवी होती तशी.

टेप खरी आहे. मलकापुरात, स्टेशनरोडच्या पत्र्याच्या दुकानात, उन्हात तापवलेल्या सेलवर भरलेली आहे. पाचव्या मिनिटाला जिनिंगचा भोंगा आहे. स्वर चढतात ते सेल उतरल्यामुळं. यंत्र गजाननभाऊंनी बनवलं, वाजवलं गजाननभाऊंनी, धून गजाननभाऊंची. शेवटचा आवाज त्यांचाच आहे आणि ते जे सांगतात ते खरं आहे. पहिल्या दोन टेप माझ्याकडं होत्या. अजून माझ्याकडंच आहेत. त्यांच्यावर माझं लग्न आहे.